चौकटीवरचे दात

फोन करणारी माणसं बहुधा यादीच वाचून दाखवतात. सोफ्याचा कोपरा, टीव्हीचा रिमोट, आजींच्या चष्म्याचं घर, मोबाइलच्या चार्जरची वायर, आणि चपला. चपलांची तर जोडी कधीच जात नाही, दर वेळी एकच जाते. मग हमखास एक वाक्य येतं, "मॅडम, आम्ही घरात असतो तेव्हा अगदी शहाण्यासारखा वागतो हो. दार लावून बाहेर पडलो की मात्र असं." मी त्यांना एवढंच सांगते की मी येईपर्यंत काही आवरू नका. हे त्यांना जड जातं. कुणी यायचं म्हटलं की घर आवरायचं, ही आपली जुनी सवय. शिवाय फाटलेल्या गादीचा कापूस परक्या माणसाला दाखवायचा म्हणजे संकोच वाटतोच. पण मला तो कापूस जिथे पडलाय तिथेच बघायचा असतो.

कुत्र्यांना शिकवायचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे. बस, थांब, ये हे शिकवणं त्यातला सोपा भाग. अवघड असतं ते मालक घरात नसताना कुत्रा काय करतो, ते ओळखणं. तिथे मी नसते, घरचे नसतात, आणि कुत्रा सांगू शकत नाही. उरतात त्या दातांच्या खुणा. त्या कुठे आहेत, केवढ्या उंचीवर आहेत, लाकडात रुतल्यात की नुसत्या खरवडल्यात, चावलेली वस्तू जागेवरच पडलीय की दुसऱ्या खोलीत नेलीय, भोवती लाळ वाळलीय का, हे सगळं मी आधी पाहते. कुत्र्याला त्यानंतर भेटते.

कारण कुरतडणं ही एकच गोष्ट नाही. वरून सगळं सारखं दिसतं, नुकसानही सारखंच होतं, पण आत तीन अगदी वेगळी दुखणी असू शकतात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर उपयोग होत नाही, उलट त्रास वाढतो. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे, कारण बहुतेक लोक थेट "थांबवायचं कसं?" इथपासून सुरुवात करतात.

पहिलं दुखणं पिल्लांचं, आणि ते खरं म्हणजे दुखणंही नव्हे. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, सुईसारखे टोकदार. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्या जागी बेचाळीस पक्के दात आलेले असतात. या मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात, सुजतात, कधी चावलेल्या वस्तूवर रक्ताचा ठिपकाही दिसतो. पिल्लाच्या खुणा जमिनीलगत असतात. खुर्चीचे पाय, दिवाणाचा खालचा कोपरा, पायपुसणं. लाकडावर बारीक बारीक टोचे दिसतात, मोठा तुकडा निघालेला नसतो. इथे वळण लावण्यापेक्षा सोय करणं महत्त्वाचं. जुना पंचा भिजवून, पिळून, त्याला गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि आपण समोर असताना चघळायला द्यायचा. त्याचा गारवा हिरड्यांना बरा वाटतो. गार केलेलं मोठं गाजरही चालतं. आणि पिल्लाला एकटं ठेवायचं तर सबंध घर मोकळं द्यायचं नाही. जिथे वायर नाही, चप्पल नाही, औषधाचा डबा नाही अशी एक खोली किंवा जाळी लावून केलेला एक कोपरा द्यायचा. विजेची वायर चावून पिल्लं दगावतात, म्हणून सोफा वाचवण्याआधी मी प्लग पॉइंट बघते.

चपलांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्या दारात असतात. आपण सगळे पायातलं दारात काढतो, म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा सगळ्यात गडद वास दाराशी एका ओळीत मांडून ठेवलेला असतो. घर रिकामं झालं की कुत्रा त्या वासाशी जाऊन बसतो, यात नवल काय? त्यातून कोल्हापुरी असेल तर विचारूच नका. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं जनावराचं कातडं, त्यात वर्षभर मुरलेला घाम. कुत्र्याच्या नाकाला ती चप्पल म्हणजे खाद्यपदार्थ आणि घरचा माणूस दोन्ही एकदमच. "आम्ही तिला जुनी चप्पल खेळायला दिलीय, तरी ती नवीच घेते," अशी तक्रार मी फार ऐकते. जुनी कुठली आणि नवी कुठली हे कुत्रीने कसं ठरवायचं? चप्पल, मोजा असल्या आपल्या वस्तू खेळणं म्हणून देऊच नयेत, आणि चपलांच्या स्टँडला दार बसवून घ्यावं. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि महिनाभर शिकवूनही होत नाही ते त्याने होतं.

दुसरं दुखणं रिकामपणाचं. याच्या खुणा घरभर विखुरलेल्या असतात. उशी हॉलमध्ये फाडली, पण तिचं अस्तर बेडरूममध्ये सापडतं. कचऱ्याचा डबा उलटा केलेला असतो, पुठ्ठ्याच्या खोक्याचे तुकडे असतात, आणि यातलं बरंच काही कुत्र्याच्या स्वतःच्या अंथरुणावर नेऊन ठेवलेलं असतं. दाराला मात्र ओरखडाही नसतो. हे बहुतेक वेळा आठ महिने ते दोन-अडीच वर्षं या वयातलं तरुण जनावर असतं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा लॅब्राडोर. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर थंड पाण्यात काम करायचे, सुटलेली मासळी आणि जाळ्याचे दोर तोंडात धरून आणायचे. पुढे इंग्लंडमध्ये शिकार झालेला पक्षी न दुखावता उचलून आणण्यासाठी त्यांची निपज केली गेली. 1903 साली तिथल्या केनेल क्लबने ही जात मान्य केली. म्हणजे तोंडात काहीतरी धरणं हा या कुत्र्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पेशा. त्याला सकाळी दहा मिनिटं खाली फिरवून आणलं आणि दोन बीएचकेत नऊ तास ठेवलं, तर तो आपलं काम शोधणारच. बीगल, हस्की, आणि आपले कारवानसुद्धा असेच, प्रत्येकाचं काम तेवढं वेगळं.

इथे लोक सांगतात, "भरपूर पळवतो हो, चेंडू टाकून टाकून हात दुखतो." चेंडूने कुत्रा दमतो हे खरं, पण तो तापतोही. तासभर चेंडूमागे धावलेला कुत्रा घरी येऊन कितीतरी वेळ शांत होत नाही, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. त्याला खरं निवांत करतं ते नाक. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला लांब दोरीवर सोडायचं आणि त्याला हवं तिथे थांबू द्यायचं. एकाच झुडपापाशी तो चार मिनिटं हुंगत उभा राहिला तर आपणही चार मिनिटं उभं राहायचं. किती अंतर चाललो याचा हिशेब करायचा नाही. उन्हाळ्यात हे पहाटेच उरकावं लागतं, कारण डांबर तापलं की पंजे भाजतात. घरी आल्यावर सकाळचं खाणं वाडग्यात न घालता त्याला शोधायला लावायचं. गवतात विखुरलेलं किंवा जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली दडवलेलं खाणं शोधता शोधता पंधरा मिनिटं जातात, आणि मग तो स्वतःच जाऊन आडवा होतो. खोकं फाडू द्यायचं. फाडण्याची हौस कुठेतरी भागायलाच हवी, मग ती रद्दीच्या खोक्यावर भागलेली बरी. मात्र त्याच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढायला विसरू नये.

घराबाहेर पडताना द्यायला रबराची पोकळ खेळणी मिळतात. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे काँग. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांचा जर्मन शेपर्ड दगड चावून चावून दात झिजवत होता. एकदा फोक्सवॅगनच्या गाडीचा एक रबरी सुटा भाग त्याला सापडला आणि त्याने दगड सोडून दिले. त्या भागाच्या आकारावरून 1970च्या दशकात हे खेळणं तयार झालं. मला ही हकिगत आवडते ती मार्कहॅम यांच्या नजरेसाठी. कुत्र्याला चावायचंच आहे हे त्यांनी मान्य केलं आणि दातांना सोसेल अशी वस्तू शोधली. आपल्या घरात या खेळण्यात भरायला महाग काही लागत नाही. घट्ट दह्यात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं रताळं, भोपळा, थोडं उकडलेलं चिकन. भोक बंद करून रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचं, सकाळी निघताना द्यायचं. मीठ, कांदा, लसूण नको. पीनट बटर वापरणार असाल तर त्यावरचा मजकूर वाचा, झायलिटॉल असेल तर अजिबात नको. त्याने कुत्र्याची साखर झपाट्याने उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. शुगर-फ्री च्युइंगगमही याच कारणाने पर्समध्ये उघडं राहू देऊ नये. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडांवर येतात, तेव्हा शिऱ्यातला मनुकासुद्धा नाही.

इथे एक सूचना कळकळीने करते. आपल्याकडे कुत्र्याला चघळायला म्हणून आंब्याची कोय आणि मक्याचं उरलेलं कणीस देतात. मे महिन्यात कोय, पावसाळ्यात सिंहगडावरून परतताना कणीस. दोन्ही गोष्टी गिळल्या जातात, पोटात विरघळत नाहीत, आतड्यात अडकतात, आणि मग पोट उघडायची वेळ येते. रविवारच्या रश्शातली हाडंही तशीच. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याचे भाल्यासारखे तुकडे होतात. याच्या उलट, शिंगं आणि गुरांचे खूर इतके कठीण असतात की कुत्र्याची मोठी दाढ उभी चिरते. मी अंगठ्याच्या नखाने दाबून बघते. नख जराही रुतत नसेल तर ती वस्तू दातांसाठी नाही. हिमालयातली छुर्पी म्हणून जे याकच्या आणि गाईच्या दुधाचे वाळवलेले तुकडे मिळतात, तेही फार कठीण असतात. द्यायचेच तर भिजवून, मऊ करून, आणि आपण घरी असताना. कुत्रा एकटा असताना जे द्याल ते मोडणार नाही आणि गिळताही येणार नाही असंच हवं.

आता तिसरं. या लेखाला बसले ती त्याच्यासाठी.

2020च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागल्यावर शहरातल्या कितीतरी घरांत पिल्लं आली. घरची सगळी माणसं दिवसरात्र घरात, मुलांच्या शाळा लॅपटॉपवर. त्या पिल्लांनी कोरडं अन्न खाल्लं, लसी घेतल्या, जिन्यावरून उतरायला शिकली, पण एकटं राहायला ती कधी शिकलीच नाहीत, कारण तशी वेळच आली नाही. मग हळूहळू ऑफिसं उघडली आणि एका सोमवारी दार बंद झालं. हिंजवडीच्या आसपासच्या सोसायट्यांमधून त्या काळात मला जे फोन आले ते आधीच्या फोनपेक्षा निराळे होते. आवाजात वैताग कमी आणि घाबरेपणा जास्त.

वाकडच्या एका घरातली चिकू मला आठवते. तपकिरी, उभ्या कानांची इंडी कुत्री. नवराबायको दोघंही नोकरीला. घरात शिरले तर सोफा शाबूत, चपला जागच्या जागी, डायनिंग टेबलाच्या पायांना काही नाही. फक्त मुख्य दाराची चौकट, कडीच्या बाजूची, हातभर उंचीपर्यंत अशी खाल्ली होती की सागवान तंतूतंतू होऊन लोंबत होतं. खाली फरशीवर लाळेचा पांढरट डाग वाळलेला होता. तिच्या पुढच्या पायाचं एक नख मुळाशी तुटलेलं. आणि दारापासून दोन पावलांवर त्यांनी ठेवलेलं चिकनचं खेळणं होतं तसंच पडलेलं.

ते खेळणं पाहूनच मला उत्तर मिळालं होतं. कंटाळलेला कुत्रा आधी खातो, मग फाडतो. घाबरलेल्याला घास उतरत नाही. तरी मी त्यांना सांगितलं की जुना मोबाइल फ्रिजवर उभा करून चित्रीकरण लावा आणि अर्ध्या तासासाठी खाली जाऊन या. हे चित्रीकरण मी आता प्रत्येक घरात करायला सांगते, कारण ते पाहिल्यावर मला फार समजवावं लागत नाही. दार लागतं. लिफ्टचा आवाज येतो. चिकू दाराशी उभी, कान मागे, तोंड उघडं, धापा टाकतेय, खोलीत तर पंखा सुरू आहे. ती खिडकीशी जाते, परत येते, पुन्हा खिडकीशी. मग एक लांब हेल काढून रडणं सुरू होतं. थोड्या वेळाने नखं, मग दात. हे सगळं पहिल्या अर्ध्या तासातच. तिला चौकट खायची नव्हती, तिला त्या दारापलीकडे जायचं होतं. ते पाहताना ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि दादा म्हणाले, "आम्ही समजत होतो की ती आमच्यावर राग काढते."

राग काढते, सूड घेते, मुद्दाम करते. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याविषयी शांतपणे बोलायला मला प्रयत्न करावा लागतो. लोकांचा पुरावा म्हणजे कुत्र्याचा चेहरा. "आम्ही दार उघडलं की मान खाली, शेपूट आत. त्याला कळतं की आपण चुकलोय." अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली याचीच परीक्षा घेतली. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगितलं गेलं. तो अपराधी चेहरा खाऊ खाल्ल्या-न खाल्ल्याशी जुळत नव्हता. तो जुळत होता मालकाच्या रागावण्याशी. उलट, काहीही न केलेल्या कुत्र्यांना बोलणी बसली तेव्हा तो चेहरा जास्तच ठळक दिसला. म्हणजे ती पडलेली मान हा कबुलीजबाब नाही, समोरच्या चढलेल्या भुवयांपुढचं ते नमणं आहे. तीन तासांपूर्वीच्या चौकटीसाठी आत्ता मार बसला तर कुत्रा त्याचा संबंध चौकटीशी लावत नाही, आपल्या घरी येण्याशी लावतो. एकटं राहण्याची भीती होतीच, आता दार उघडण्याचीही बसली.

तेच मिरचीच्या पाण्याचं आणि मुस्क्याचं. कडू फवारे बाजारात मिळतात. टेबलाच्या पायाला हौसेने चावणाऱ्या पिल्लासाठी ते ठीक आहेत. पण चौकटीवर तिखट लावून भीती जात नाही, डोळ्यांची आग तेवढी होते. आणि तोंडाला मुसकं बांधून कुत्र्याला एकटं ठेवणं हा धोका आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग गार करतो. घट्ट मुस्क्यात ते जमत नाही, आणि उन्हाळ्याच्या दुपारी बंद फ्लॅटमध्ये जीव जाऊ शकतो. पिंजऱ्याचंही असंच. पिंजरा आवडणारी कुत्री आहेत, त्यांना तो गुहेसारखा वाटतो. पण दाराशी झगडणाऱ्या कुत्र्याला पिंजऱ्यात घातलं की तो पिंजऱ्याशी झगडतो, आणि सळयांत दात मोडून घेतो.

कुत्र्याचा माणसावर इतका जीव का, याचा अभ्यास बुडापेस्टमध्ये झाला आहे. लहान मूल आणि आई यांचं नातं तपासायची जी पद्धत मेरी एन्सवर्थ यांनी बसवली होती, तीच 1998 साली टोपाल, मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रा आणि मालकासाठी वापरली. अनोळखी खोली, मालक बाहेर जातो, परका आत येतो, मालक परत येतो. कुत्र्यांचं वागणं पुष्कळसं मुलांसारखंच निघालं. मालक असला की ती खोलीत हिंडतात, खेळतात, तो गेला की दाराशी थांबतात. हे कळल्यापासून मला एक प्रश्न पडणं बंद झालं, की दुसरं कुत्रं आणलं तर हिला सोबत होईल का. क्वचित होते. बहुतेकदा तिला कुत्रं नको असतं, तिची माणसं हवी असतात, आणि मग घरात दोघं रडणारे होतात.

चिकूच्या घरी आम्ही पहिली गोष्ट ठरवली ती अशी की काही काळ तिला एकटं ठेवायचंच नाही. हे ऐकून लोक गांगरतात. "मग नोकरी कशी करायची?" पण ज्या भीतीवर आपण सकाळी फुंकर घालतो तीच दुपारी चार तास पेटत राहिली, तर सकाळची मेहनत वाया जाते. वरच्या मजल्यावरच्या काकू दिवसा घरी असत. त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या. आठवड्यातले काही दिवस एकाने घरून काम घेतलं. उरलेल्या दिवसांपुरतं एक ओळखीचं पाळणाघर सापडलं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भुंकण्याच्या तक्रारी चालल्या होत्या, तिथे त्यांनी स्वतःच लिहिलं की आम्ही यावर काम करतो आहोत, आवाज आला तर कृपया आम्हाला कळवा. यामुळे घरातला ताण बराच उतरला. कुत्र्याइतकीच ही माणसंही घेरलेली असतात, आणि कुत्रा देऊन टाकायचा विचार अशाच घेरलेल्या संध्याकाळी होतो.

मग सुरू झालं खरं काम, आणि बघणाऱ्याला ते फार कंटाळवाणं वाटेल. चिकूची भीती दार लागल्यावर सुरू होत नव्हती. दादांनी बॅगेची चेन ओढली की ती उठून उभी राहायची. किल्लीचा आवाज झाला की धापा सुरू. म्हणून आम्ही किल्ल्या वाजवल्या आणि स्वयंपाकघरात चहा टाकला. बूट घातले आणि टीव्हीसमोर बसलो. बॅग खांद्याला लावून कपडे वाळत घातले. किल्ली वाजली म्हणजे कुणी जाणारच असं नाही, हे तिला दिसेपर्यंत हेच. त्यानंतर दार. कडीला हात लावायचा आणि परत फिरायचं. दार उघडायचं, लावायचं. बाहेर पाऊल टाकून लगेच आत यायचं. बाहेर उभं राहून एक श्वास घ्यायचा, मग आत यायचं. लिफ्टचं बटण दाबायचं, पण लिफ्टमध्ये शिरायचं नाही. बालवाडीत नवं मूल रुळवणाऱ्या बाई आईला पहिल्या दिवशी फाटकातून लांब पाठवत नाहीत, खिडकीतून दिसेल अशी व्हरांड्यात बसवतात, तसंच हे.

यात घड्याळापेक्षा कुत्र्याकडे पाहायचं असतं, आणि माझ्या कामातलं कसब म्हणाल तर ते एवढंच. तोंड मिटलेलं आहे का? श्वास पोटातून चाललाय की छातीतून? ती आडवी झालीय, पण मागचे पाय एका बाजूला सैल टाकलेत की उठायच्या तयारीत अंगाखाली घेतलेत? चारी पाय सैल असतील तर पुढची पायरी. धाप लागली तर आपण फार पुढे गेलो, उद्या मागच्या पायरीवर यायचं. आणि वेळ सरळ चढत्या क्रमाने वाढवायचा नाही. दर खेपेला आधीपेक्षा जास्तच वेळ लागला, तर कुत्रा तेही हेरतो. म्हणून एकदा पाच मिनिटं, मग पाऊण मिनिट, मग तीन, मग सात. पहिला अर्धा-पाऊण तास पार करायलाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. तिथून पुढे दोन तास, तीन तास त्या मानाने सोपे जातात. मात्र कुत्र्याला वेळाचा पत्ताच नसतो असं समजू नये. स्वीडनमध्ये रेन आणि कीलिंग यांनी 2011 साली दाखवलं, की अर्ध्या तासाने परतलेल्या मालकापेक्षा दोन तासांनी परतलेल्या मालकाला कुत्रे जास्त जोरात भेटतात. चार तासांपलीकडे रोज एकटं ठेवावं लागत असेल, तर मधे कुणीतरी येऊन जावं असं मी धरून चालते, मग कुत्रा कितीही शांत असो.

चिकूला महिने लागले. मधे पाहुणे येऊन गेले आणि गाडी मागे गेली, मग पुन्हा रुळावर आली. एक दिवस ताईंनी चित्रीकरण पाठवलं, त्यात दार लागल्यावर ती दाराकडे बघते, पलंगाशी येते आणि दह्याचं खेळणं चाटायला बसते. मला एवढंच हवं होतं. ती खायला लागली होती.

सगळ्यांनाच नुसत्या सरावाने जमत नाही. काहींची भीती इतकी खोल असते की दारावर हात ठेवायच्या पायरीवरच महिना जातो. अशा वेळी मी पशुवैद्यांकडे पाठवते, आणि तिथे घरच्यांचा चेहरा पडतो. "गोळ्या देऊन गुंगीत ठेवायचं का?" तसं नाही. क्लोमिप्रामिन आणि फ्लुऑक्सेटिन ही औषधं अमेरिकेत कुत्र्यांच्या याच विकारासाठी रीतसर मान्य झालेली आहेत, पहिलं 1998 साली, दुसरं 2007 साली. ती गुंगीची औषधं नव्हेत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सराव सोडून चालत नाही. भीतीची पातळी एवढी उतरते की कुत्र्याला शिकता येतं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, आणि आपल्या गोळ्यांतली अर्धी मोडून द्यायची नाही. मधुमेहाच्या कुत्र्याला इन्शुलिन द्यायला जे घर मागेपुढे पाहत नाही, तेच घर भीतीच्या औषधाला लाजतं, याचं मला वाईट वाटतं.

दिवाळीचे दिवस निराळे धरावेत. वर्षभर शांत राहणारा कुत्रा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडकीचं ग्रिल चावतो, तेव्हा त्याला एकटेपणाचं दुखणं नसतं, आवाजाची भीती असते. त्या संध्याकाळी त्याला घरात एकटं सोडून कुणीही बाहेर जाऊ नये. सगळ्यात आतली खोली, पडदे बंद, पंखा आणि टीव्ही सुरू, फिरणं उजेडातच उरकलेलं. तो जवळ आला तर जवळ घ्यावं. लाडाने भीती वाढते असा जो समज आहे, त्यावर विश्वास ठेवू नये.

आणि दहा-बारा वर्षांचा कुत्रा, ज्याने जन्मात कधी चप्पल चावली नाही, तो अचानक एकटा असताना कुरतडायला लागला, तर मला फोन करू नका. त्याचे दात, सांधे, नजर, कान तपासून घ्या, रात्री तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो का हे बघा, आणि डॉक्टरांना सांगा. म्हातारपणात मेंदूही थकतो, ओळखीचं घर अनोळखी वाटायला लागतं, आणि दुखणाऱ्या दाढेमुळेही जनावर वाटेल ते चावतं. तपासणी झाली, औषध सुरू झालं, की मी येईन, आणि तेव्हाही तुम्ही घर आवरलेलं नसलं तर बरं.